दोघांसाठी लागलेला पिक्चर

आठवीत शाळा सोडून गावापासून लांब, अच्छाडच्या ढाब्यावर कामाला लागलो. सुट्टी मिळाली की डहाणूला पिक्चर बघायचो. एका दुपारी थिएटरात मी एकटाच होतो. "एकट्यासाठी नाय लावणार. आणखी कोणी आलं तर बघू," दारावरचा माणूस म्हणाला. सुट्टी फुकट जाऊ नये म्हणून मीच कोणीतरी शोधायला निघालो. बाहेर मासळी विकून रिकामी पाटी घेऊन चाललेल्या मावशीला पिक्चरला येता का, असं विचारलं.

"पिक्चर मोबाईलवर दिसतो की रे!"

"मोठ्या पडद्यावर हिरो खरा वाटतो, मावशी. चला ना."

माझं तोंड बघून ती हसली. "चल. पण मारामारी असली तर मी झोपणार."

मध्यंतराआधीच ती झोपली. जागी होऊन निघून गेली तर पिक्चर बंद करतील, या धास्तीने मी हसायच्या जागीही तोंडावर रुमाल धरून बसलो. सुटल्यावर तिची पाटी स्टँडपर्यंत मीच उचलली.