बापू, कालवा आणि आम्ही तिघं

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चार म्हातारी माणसं सायकलींवर तंबू बांधून निघाली की चाकाला चिखल लागावा तसे ते लागत जातात. धुतले की काही निघतात. काही निघत नाहीत.

चौघं म्हणजे डॉक्टर रानडे, हार्टचे, आता रिटायर. त्यांच्या पत्नी सुधाताई. बापू कारखानीस, रिटायर इंजिनियर. आणि मी. मी सातवी शिकलो, जन्मभर एसटी चालवली, म्हातारपणी मुलीकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आलो. इंग्रजी येत नाही. त्याची लाज वाटत नाही.

वाट जुन्या कालव्याच्या काठाची. पूर्वी खेचरं या वाटेने चालत आणि दोराने बोटी ओढत. आता खेचरं नाहीत, पुष्कळ ठिकाणी पाणीही नाही. कालव्यात झाडं उभी आहेत. डोंगरात सुरू करायचं आणि तंबूत मुक्काम करत वॉशिंग्टनला उतरायचं.

पण सायकल हे खरं काम नव्हतं. बापूंना हरवू द्यायचं नाही, हे काम होतं.

*

बापूंना आठवेनासं झालं आहे. एकदा दूध आणायला म्हणून निघाले आणि एका डेटा सेंटरच्या फाटकावर सापडले. गार्डला दरडावत होते, "आत सोडा मला! माझं प्रेझेंटेशन आहे, आधीच उशीर झालाय!"

त्यांचा मुलगा समीर इथेच जन्मलेला. मराठी घरापुरतं समजतं. तू काय आणि तुम्ही काय, त्याला सारखंच. मलाही "काका, तू बस ना" म्हणतो. मनाने वाईट नाही. पण त्या दिवशी त्याने सांगून टाकलं, "काका, आता one more time बाबा हरवले ना, तर मेमरी केअर. I'm serious."

मेमरी केअर म्हणजे अशा म्हाताऱ्यांना ठेवायची जागा. बापू ती बघून आले होते. आम्ही विचारलं, कशी आहे?

"स्वच्छ आहे," बापू म्हणाले. "जेवणही बरं आहे. फक्त दार आतून उघडत नाही."

*

ट्रिपला समीर तयार झाला तो डॉक्टरांच्या शब्दावर. डॉक्टर पुढे, सुधाताई त्यांच्यामागे, मग बापू आणि सगळ्यात शेवटी मी. बापू कायम माझ्या नजरेसमोर.

मागून एक मुलगी जोरात ओरडली, "ऑन युअर लेफ्ट!"

लेफ्ट मला कळतं. मी लेफ्टला गेलो. तीही लेफ्टनेच आली. ती वाचली. मी घसरत थेट कालव्यात.

डॉक्टर वरून ओरडले, "अहो तात्या, मी तुमच्या डावीकडून जातेय, असं ती सांगत होती!"

"मग तसं सांगावं. हुकूम कशाला सोडायचा?"

गुडघा फुटला होता. पण माझ्या तोंडून आधी आलं ते, "बापू कुठे आहेत?"

बापू काठावर माझी सायकल धरून उभे होते. "मी इथेच आहे," ते म्हणाले. "हरवलात तुम्ही!"

*

वाटेत डोंगर फोडून केलेला बोगदा आहे. आत अंधार, पाणी ठिबकतं, सायकल हातात धरून चालावं लागतं. मध्यावर बापू थांबले.

"तात्या, मी कुठल्या तोंडाने आत आलो?"

"त्याचा विचार करू नका. उजेड दिसतो तिकडे चला."

बापूंनी पुढे पाहिलं. मागे पाहिलं.

"दोन्हीकडे दिसतो," म्हणाले.

खरं होतं. दोन्हीकडे दिसत होता.

*

कालव्यात पाण्याबरोबर बोटी चढवायला-उतरवायला जागोजाग लाकडी दारांचे दगडी हौद आहेत. इथे त्याला लॉक म्हणतात. एका दुपारी डॉक्टर सहज म्हणाले, "आज लॉकपाशी मुक्काम."

बापू सायकलवरून उतरले ते हलेनात. "लॉक करणार नाही म्हणाला होतात तुम्ही! शब्द दिला होतात!"

डॉक्टरांनी इंजिनियरिंग समजावलं. सुधाताईंनी लाडू पुढे केला. उपयोग शून्य. शेवटी मी त्यांना हाताला धरून लॉकवर नेलं. बापूंनी दोन्ही दारं हाताने चाचपली. एक कुजून पडलं होतं, दुसरं अर्धं उघडं होतं.

"बंद होत नाही," बापू म्हणाले. "चालेल. तंबू लावा."

*

रोज संध्याकाळी समीरचा व्हिडिओ कॉल. "बाबा, what day is it?"

फोन सुधाताईंच्या हातात. फोनमागे डॉक्टर उभे. माणसांच्या हृदयाला हात घातलेला हा गृहस्थ जमिनीवर काठीने मोठ्या अक्षरात 'मंगळ' लिहीत होता!

"मंगळवार," बापू म्हणाले. "आणि सम्या, परीक्षा कसली घेतोस रे? वार तुला मी शिकवलेत!"

समीर खूप हसला. फोन बंद झाल्यावर डॉक्टरांनी टाळी दिली, "बापू, पास!"

"कॉपी करून," बापू म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळीही डॉक्टरांनी काठी उचलली. पण टाळी पुन्हा कोणी दिली नाही.

*

आणि आम्ही पोचलो. वॉशिंग्टनला कालवा नदीला मिळतो तिथे समीर गाडी घेऊन उभा होता. बापू ताठ बसून, स्वतः सायकल चालवत आले. कुठे चुकले नाहीत, कुठे पडले नाहीत. समीरने धावत येऊन त्यांना मिठी मारली. "बाबा, you did it!"

बापूंनी हात जोडले. "तुम्ही बराच वेळ थांबलात का? उगीच त्रास घेतलात."

सुधाताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर सायकलची चेन बघायला खाली बसले.

"पुढे बस ना, बाबा."

"नको, नको. मी मागे बसतो. तुम्ही निवांत चालवा."

समीरचे डोळे भरून आले. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तू बघितलंस? So polite! बाबा असे कधीच बोलत नाहीत माझ्याशी. ही ट्रिप म्हणजे जादू आहे. मी ते मेमरी केअर कॅन्सल करतो!"

तो सायकली बांधायला मागे गेला. बापूंनी काच खाली केली आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

"तात्या, गृहस्थ भला दिसतो. नाव काय याचं?"

"समीर," मी म्हणालो.

बापूंचा चेहरा खुलला. "अरे वा! आमच्या मुलाचंही हेच नाव!"