एका पातीला एक क्रियापद

मागच्या वर्षी लातूरच्या एका इंग्रजी शाळेत मुलाखतीला गेले आणि ऐन वेळी ‘आय हॅव वेंट’ म्हणून बसले. समोरच्या मुख्याध्यापिका गोड हसल्या, तेव्हाच कळलं, नोकरी गेली. औशाच्या बसमध्ये मी स्वतःलाच शिव्या घातल्या. नियम सगळे पाठ, पण बोलायला लागले की क्रियापदाचं तिसरं रूप दडी मारायचं.

यंदा त्याच शाळेनं पुन्हा बोलावलं. या खेपेला वर्गावर धडा घ्यायचा होता, आणि विषय नेमका तोच. पुन्हा आपटले असते तर तिसऱ्यांदा कोण विचारणार होतं?

आमच्याकडे सोयाबीनची खुरपणी सावडीनं होते. चार घरच्या बाया आज एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. प्रत्येकीला एकेक ओळ, तिला पात म्हणायचं. जिची पात मागं पडेल तिला शेजारणीनं हात द्यायचा. मी एका पातीला एक क्रियापद धरलं. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. मोठ्यानं म्हणायचे, त्यामुळे बायांच्याही तोंडात बसलं. सासूबाईंना अक्षर येत नाही, पण कान तिखट. मी दोनावर थांबले की खुरपं रोखून म्हणायच्या, "तिसरं कुठं हाय?" मला असा राग यायचा!

मुलाखतीच्या दिवशीच आमच्या रानाची पाळी आली. बाया आमच्या शेतात राबणार आणि घरची सून लातूरला, हे काही बरं दिसत नव्हतं.

"जा तू. मी हाय की," सासूबाई म्हणाल्या.

वर्गात पोरं गप्प. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका घड्याळ बघत बसलेल्या. मग काय सुचलं कोण जाणे, पदर कमरेला खोचला, बाकांच्या एकेका रांगेला एकेक क्रियापद वाटून दिलं आणि सांगितलं, जी रांग अडेल तिला शेजारच्या रांगेनं हात द्यायचा. पाच मिनिटांत असा गलका झाला की पलीकडच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी मात्र भलतीच खुशीत होते.

"सोमवारपासून या," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पदर तेवढा सोडून."

उन्हं कलताना थेट रानात गेले. बाया घरी गेल्या होत्या. सासूबाई एकट्याच खुरपत होत्या.

"तिसरं आलं का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"आलं. नोकरीबी लागली."

त्यांनी मान हलवली, पण हात थांबला नाही. मग माझ्या लक्षात आलं. त्यांची पात कधीच बांधाला लागली होती. त्या खुरपत होत्या ती त्यांच्या उजव्या हाताची, रोज मी धरते ती.

"तुझी कशी मागं ठेवू?" म्हणाल्या, आणि शेवटचं तण उपटून बांधावर टाकलं.