मावशीच्या मातीतलं युरेनियम

मेघना कोपरीची. घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत माती तपासायला लागली आणि नातेवाइकांत 'आमची सायंटिस्ट' झाली. झाली तर झाली, पण हवा डोक्यात जायला नको होती.

हात बसावा म्हणून तिने कल्याणच्या रमामावशीकडची माती नेलेली. मावशी एकटी. चाळीमागच्या तुकड्यात लाल माठ, मेथी लावायची, चाळीतच विकायची. तिचं पोट त्यावरच. मेघनाने माती कडक आम्लात पार विरघळवली, आकडा काढला आणि भाच्याच्या बारशात, सगळ्यांदेखत, उचलली जीभ लावली टाळ्याला. "मावशी, तुझ्या मातीत युरेनियम आहे गं!"

झालं! घास हातातच राहिले. ते थोडंथोडं सगळ्याच मातीत असतं, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला आवडलेलं!

पुढे प्रयोगशाळेतल्या शकूताईंनी तिला नीट पद्धत शिकवली. नुसतं किती आहे ते नाही, कुठल्या रूपात आहे ते बघायचं. तीच माती आधी क्षाराच्या पाण्यात घुसळायची, मग सौम्य आम्लात, मग त्याहून कडक. दर वेळी किती सुटलं ते मोजायचं. सहज सुटतं तेच मुळांना मिळतं. मावशीच्या मातीतलं पाण्यात, सौम्य आम्लात जवळजवळ काहीच सुटेना. सगळं दगडाच्या कणांत घट्ट बसलेलं. भाजीत जाणार कुठून?

मेघनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी तिने कल्याण गाठलं, तर मावशीने माठ मुळासकट उपटून टाकलेला.

"मावशी, माती चांगली आहे गं. चुकलं माझं."

मावशी म्हणाली, "अगं, मी दारोदार हात जोडून आले. म्हटलं, तुमच्या पोरांना विष चारलं, माफ करा."

मेघनाची मान वर होईना. "चल, मी सांगते सगळ्यांना."

पहिलंच दार चाळीतल्या परशुरामच्या बायकोचं. मेघनाने सगळं समजावलं, हात जोडले. बाईने कडेवरचं पोर सावरत ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. खरंच असेल. पण लहान पोर आहे घरात. आम्ही आता बाजारातूनच आणतो." मग ती मावशीकडे वळली. "राग नका मानू हां."

मेघनाला वाटलं, जमीन दुभंगावी. मावशी मात्र हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "नाही गं बाई, राग कसला! मीच येऊन सांगितलेलं ना."