टाचेसाठी घेतलेली गोळी

माझी ताई टाचदुखीने गेली.

कागदावर किडनी फेल्युअर लिहिलंय. लिहू दे. मी तिची धाकटी बहीण. सुरुवात कुठून झाली ते मला माहितेय.

सुनीताताई दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरला होती. चौदा वर्षं. गिऱ्हाईक असो-नसो, स्टाफने बसायचं नाही. पाणीसुद्धा बेताने प्यायची, कारण सारखं बाथरूमला गेलं की बोलणी खावी लागायची.

टाचा दुखायला लागल्या तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीने एक पेनकिलर दिली. तासाभरात ताई हसत साड्या उलगडायला लागली.

मग सकाळी चहानंतर एक. दुपारी एक. लग्नसराईत तीन.

वर्षानुवर्षं.

डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. आमच्या लालबागचा केमिस्ट तर तिला बघूनच स्ट्रिप काढायचा. "तीच ना, ताई?"

बीपी होतंच. पाय सुजले तेव्हा म्हणाली, "उभं राहून सुजलेत गं." आणि अजून एक घेतली.

उलट्या सुरू झाल्या, अन्न जाईना, तेव्हा कुठे रिपोर्ट काढले. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, बघून डॉक्टरांनी विचारलं, "पेनकिलर घेता?"

"हो. पण साधीच गोळी. मेडिकलवर मिळते ती."

"रोज?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. चोरी पकडल्यासारखी.

"बीपी, कमी पाणी, वर रोज ही गोळी," डॉक्टर म्हणाले. "किडन्यांनी सोसायचं तरी किती?"

मग दोन वर्षं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशी मशीनला जोडलेली असताना मला म्हणते, "बघ, चार तास आराम मिळाला."

मी बाहेर येऊन भिंतीवर हात आपटला.

त्याच संध्याकाळी केमिस्टशी जाऊन भांडले. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही नाही दिली तर पुढचा देईल, मॅडम."

खरं बोलला. त्याचाच जास्त संताप आला.

आज सकाळी ताई गेली. दुपारी दुकानाचे मॅनेजर हार घेऊन आले. "फार कष्टाळू बाई. चौदा वर्षांत कधी बसलेली दिसली नाही."

"तुम्ही बसू दिलंत कधी?"

सगळ्यांसमोर विचारलं. आईने माझा हात दाबला. पण आज मी गप्प बसले नाही. ते हार ठेवून निघून गेले.

आणि मी?

"येताना माझी स्ट्रिप आण गं," ताई फोनवर सांगायची. मी आणायचे. शिकलेली, बँकेत नोकरी करणारी मी. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय, एकदा वाचलं नाही. हा राग कोणावर काढू?

तुमच्या घरात कोणी रोज पेनकिलर घेतंय का? आत्ता उठा, विचारा. बीपी असेल, शुगर असेल तर उद्यावर टाकू नका, डॉक्टरकडे न्या. आणि "साधीच गोळी आहे" असं मला कोणी सांगू नका.

ताई, तुझ्यासाठी मी भांडले, पण फार उशिरा.

तुला आम्हा सगळ्यांचा अखेरचा जय भीम.