खाचा खाली

शुक्रवार पेठेतलं एक घर पाडलं, तेव्हा त्याची सागवानी तुळई मी जुन्या लाकडाच्या वखारीतून उचलली. जुळे सोलापुरातल्या आमच्या नव्या घरात सगळंच गुळगुळीत, म्हणून दिवाणखान्यात ही तुळई आणि तिला आईचा झोपाळा, असा बेत होता. जुनं ते सोनं म्हणायचं आणि चारचौघांत मिरवायचं, ही माझी खोड.

तुळईच्या एका अंगाला आडवी लाकडं बसवायच्या खोल खाचा होत्या. ती बसवायला आलेल्या म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींनी त्याच अंगावर गेरूची रेघ ओढली. "ही बाजू वर घ्या, साहेब. लाकडाला पाठ असती, पोट असतं. वजनाचा ताण पोटाला बसतो, तिथं जखमा नकोत." पण खाचा वर गेल्या तर दिसणार कशा? सगळा जुनेपणा तर तिथंच होता. मिस्त्री जुम्म्याच्या नमाजाला गेले आणि मी गवंड्यांकडून तुळई उलटी चढवून घेतली.

परत आल्यावर ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "झोपाळ्याचे हूक मी बसवणार न्हाय," एवढंच म्हणाले आणि हत्यारं गोळा करून निघून गेले. मला राग आला. हूक मी दुसऱ्या सुताराकडून बसवून घेतले.

आई दुपारी झोपाळ्यावर बसून गहू निवडायची. पाहुणे खाचांचं कौतुक करायचे. मग उन्हाळा तापला आणि वरून करकर ऐकू यायला लागली. साखळ्यांना तेल घातलं, तरी थांबेना. फरशीवर लाकडाचा भुगा पडलेला असायचा. आई तो मुकाट्यानं झाडून टाकायची. माझी मुलगी झोपाळ्याकडे धावली की मात्र वसकन ओरडायची, "उतर! ह्यो माझा हाय." या वयात झोपाळ्यावर हक्क सांगते म्हणून मी तिला चिडवायचो. एकदा तर चांगलाच रागावलो.

गेल्या रविवारी पंखा पुसायला शिडीवर चढलो. मधल्या खाचेतून निघालेली भेग तुळईच्या निम्म्यापर्यंत चढली होती. तिच्यात माझं बोट आरामात गेलं. बरोबर खाली आई बसली होती, मांडीवर सूप घेऊन. मी शिडीवरूनच ओरडलो.

"आई, ऊठ. आधी उतर तिथून."

तिनं घाई केली नाही. गहू सांडू नयेत म्हणून सूप आधी फरशीवर ठेवलं, मग उठली.

"दिसली का एकदाची तुला?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"लई दिवस झालं. तू हौसेनं बसवलंस की रे. आल्या-गेल्याला दावत होतास. कसं बोलू?"

"अगं, पण मग बसायचीस कशाला त्याच्यावर?"

तिनं साखळीला हात लावून झोपाळा थांबवला.

"रिकामा दिसला असता तर पोरगी बसली असती की."