एका खाटेवरचे दोन पापड

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला अजून पापड दिसतात. खाटेवर वाळत घातलेले, ऊन आरपार जाणारे.

एकोणीसशे पन्नासनंतरचा काळ. उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत मी पोलीस जमादार होतो. शिक्षण सातवी, बाकी सगळं नोकरीत शिकलो. एक माणूस चौकीत खबर घेऊन आला. त्याच्या बराकीत घरं साठ. एका दिवशी घोंगड्या वाटल्या, दुसऱ्या दिवशी बादल्या; घराला एकच. घोंगड्यांच्या यादीत बेचाळीस नावं, बादल्यांच्या यादीत तीस. म्हणजे बहात्तर! बारा नावं खोटी.

याद्या लिहिणारे सिंधी मास्तर होते. अंबरनाथच्या शाळेत त्यांची नोकरी ठरली होती. गुन्हा नोंदला की ती गेली. मी टेबलावर हात आपटला, "बारा घरं आणली कुठून?"

"एक भी झूठा नाम नहीं लिखा, साब," एवढंच ते म्हणत राहिले.

फौजदारसाहेबांना संध्याकाळपर्यंत अटक हवी होती. मी दोन दिवस मागितले.

"भाजीबाजार आहे का हा?" ते ओरडले. घासाघीस होऊन उद्या दुपारवर ठरलं.

सकाळी बराकीसमोर एक म्हातारी पापड पसरत होती. वारा पडलेला, सगळी बराक उन्हात तरंगत असल्यासारखी. खाटेवर जागा अपुरी, म्हणून एक पापड दुसऱ्यावर थोडा चढला होता. तेवढाच भाग गडद. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे.

"माई, तुला काय मिळालं?"

"दोनों, अदा," सिंधीत भाऊ म्हणून ती बोलली. "कंबल भी, बाल्टी भी. हाथ मत लगाओ, टूटेगा!"

ती त्या गडद भागात होती. नावं दोन, घर एकच.

घरोघर फिरलो. नुसती घोंगडी पंचवीस घरांत, नुसती बादली तेरांत, दोन्ही सतरांत. झाली पंचावन्न. खोटं नाव एकही नाही. उरलेल्या पाच घरांतली माणसं दोन्ही दिवस कारखान्यात कामाला होती. त्यांना काहीच मिळालं नव्हतं. खबर देणारा त्यांच्यातलाच.

"फिर मेरा नाम किधर है, जमादारसाब?" त्याने विचारलं.

मास्तर सुटले, शाळेत रुजू झाले. शाबासकी साहेबांनी घेतली, तो राग अजून गेलेला नाही. अहवालात शेवटी मी त्या पाच घरांबद्दल लिहिलं होतं. "हे कोणी विचारलंय?" म्हणत साहेबांनी ती ओळ खोडली.

चौकशीत आपण यादीतली नावं तपासतो; यादीबाहेरचा माणूस मात्र समोर उभा असूनही दिसत नाही. एका दिवसासाठी मी साहेबांशी भांडलो होतो. त्या एका ओळीसाठी भांडलो नाही.