चेहरा फोटोवरून, बाकी मामी

दीड महिन्यापूर्वी सास्तूरहून मामांचा फोन आला. "तुझी मामी गेली रे," म्हणाले, आणि जरा थांबून, "तिचा एखादा फोटो हाय का तुझ्याकडं?" नव्हता. जन्मभर बायकांची चित्रं काढलेल्या माणसानं बायकोचा फोटो भाच्याकडं मागावा, याचा मला तेव्हा रागच आला.

मामा मोठ्या घरांतल्या बायकांची तैलचित्रं काढायचे, तेही दार लावून. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका बंगल्यात त्यांनी काढलेली मालकीण आहे, जांभळ्या शालूतली. मी लोहाऱ्याला चित्रकला शिकवतो. पोरांना मुद्दाम तिथं नेलं होतं. "मान बघा किती ताठ, खानदानी बाई! हात बघा, कामाची सवयच नाही," असं बरंच काही बोललो. परत आल्यावर सास्तूरला जाऊन मामीला हे सगळं सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अवो गुर्जी, शालू चुरगळंल म्हणून ताठ बसले व्हते म्या. आन् हातावरचा इळ्याचा वण तुमच्या मामांनी पुसला."

तेव्हा कळलं. असल्या घरांतल्या बायका परक्या पुरुषापुढं बसायच्या नाहीत. फोटो यायचा, बरोबर शालू आणि दागिने. दागिन्यांवर नजर ठेवायला त्यांचा माणूस ओसरीवर बसून राहायचा. मग शेणघाण उरकून मामी हातपाय धुवायची, शालू नेसायची आणि खुर्चीत बसायची. चेहरा तेवढा फोटोवरून.

हसू ओसरल्यावर ती मामांना म्हणाली, "येकदा माझं तोंड बी काढा की."

मामा ब्रश धूत होते. "तू घरचीच. तुझं कवाबी काढू."

मीही हसलो होतो... लई चुकलं.

गेल्या रविवारी गेलो, तर मामांनी कॅनव्हास लावलेला. तिचं रोजचं हिरवं लुगडं, खांदे, मान, मांडीवरचे हात, सगळं हुबेहूब. वर चेहऱ्याची जागा कोरी. फळीवरच्या कागदांतनं तिचं आधार कार्ड काढून मी पुढं केलं. "यावरून काढा की, मामा."

"फोटो मागितला खरा, पर फोटोवरून परक्या बायका काढल्या," ते म्हणाले. कार्ड न बघताच पालथं ठेवलं. "समोर बसायची रे ती. म्या मानंपासनं खालीच बघितलं. तिच्या भिवया जाड हुत्या का बारीक? तू सांग."

तिनं समोर बसून वाढलेलं किती वेळा जेवलो असेन. मला सांगता येईना.